तिसऱ्या टेबलावरची चावी

तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझे कार्यालय आहे. लोक त्याला दुकान म्हणतात. मी कार्यालय म्हणतो, कारण तेथे काही विकले जात नाही, तेथे लिहिले जाते. वारसनोंद, फेरफार, मोजणी, रेशनकार्डातील नावाची दुरुस्ती, दाखल्यातील जन्मतारखेचा घोळ, अशा ज्या ज्या कामासाठी माणसाला शासनाच्या दारात उभे राहावे लागते, त्या कामाचे शब्द माझ्या हातून तयार होऊन जातात. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले; नववीचा निकाल पाहायला मी गेलो नाही. तरीही केवळ भाषा सदोष म्हणून माझा अर्ज परत आला, असे एकही उदाहरण तळा तालुक्यात कोणी दाखवून द्यावे. माणगावचे वकीलसुद्धा आपले मसुदे माझ्या नजरेखालून घालून नेतात, एवढे नमूद करतो आणि पुढे जातो.

पुढचे लिखाण मात्र अर्जांविषयी नाही. ते माझ्या धाकट्या भावाविषयी आहे, आणि त्यासाठी मला संगणकाच्या एका चावीविषयी लिहिणे भाग आहे. कारण तो घर सोडून न्हावा शेव्याला गेल्यानंतर वर्षभर आम्हा दोघांत बोलायला तेवढाच एक विषय उरला होता.

कार्यालयात तीन टेबले आहेत. दारालगत पंख्याखाली माझे. मधले टायपिंग करणाऱ्या बाईंचे. आणि आत, विजेच्या बोर्डाला खेटून, तिसरे टेबल धाकट्याचे. तो माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो चौथीत होता, त्यामुळे त्याला शाळेत घालणे, डिप्लोमाला पाठवणे, त्याच्या पायात चप्पल आहे की नाही हे पाहणे, हे सर्व माझ्याकडे आले. मी ते केले. संगणक कार्यालयात आणले ते त्याने. त्याआधी मी हाताने लिहीत असे, नंतर टाइपरायटरवर. मराठी टायपिंगचे आणि अर्जांचे तयार नमुने असलेले एक सॉफ्टवेअरही त्यानेच घेतले. तीन संगणकांना मिळून त्याचा एकच परवाना, आणि त्या परवान्याची म्हणून कंपनीने एक चावी पाठवली.

ती कुलपाची चावी नव्हे. अंगठ्याच्या पेराएवढी, निळ्या रंगाची वस्तू. ती संगणकाच्या पाठीमागे खोचायची, म्हणजे तिच्या टोकाला हिरवा दिवा लागतो. आमच्याकडे ती तिसऱ्या टेबलावरच्या संगणकाला लावलेली असे. बाकीचे दोन संगणक भिंतीवरच्या डब्यात जोडलेल्या वायरींतून तिसऱ्याला विचारत, परवानगी आहे काय? तिसरा म्हणे, आहे. मगच छापील कागद स्वच्छ बाहेर येई. उत्तर मिळाले नाही तर पडद्यावर लाल चौकट येई की परवान्याशी संपर्क होत नाही, आणि कागद निघालाच तर त्याच्या मधोमध, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, करड्या अक्षरांत ‘नमुना प्रत’ असे छापून येई. असा कागद कचेरीत कोणी हातात धरत नाही.

धाकटा असेपर्यंत ही लाल चौकट मी पाहिली नव्हती.

तो का गेला, हे मी खरे तेच लिहितो. एके दिवशी खाडीकडच्या एका गावची बाई नवऱ्याच्या पश्चात जमिनीवर नाव लावण्यासाठी आली. मी दुसऱ्या एका पक्षकाराशी बोलत होतो, म्हणून धाकट्याने तिचा अर्ज आपल्या मनाने लिहून छापला. दोन परिच्छेदांचा. माझे पती वारले, जमीन आम्हा दोघांची होती, ती माझ्या नावे करावी, अशी त्याची भाषा. सविनय नाही, सादर नाही, उपरोक्त नाही. मी तो कागद चार लोकांसमोर वर धरला.

“हा अर्ज हाय का सोयऱ्याला लिवलेली चिठ्ठी?”

“दादा, तिला जे सांगायचंय ते सगळं हाय त्यात.”

“तिला काय सांगायचंय ते मला नको सांगू. साहेबांनी काय वाचायचंय ते मला कळतं.”

आणि मी तो फाडला. त्याने दुसरा कागद घेतला, मी तोंडी सांगितले, त्याने टाइप केले. ती बाई माझ्या पाया पडून गेली. पंधरा दिवसांनी जेवताना त्याने सांगितले की, न्हावा शेव्याला कंटेनरचे कागदपत्र करणाऱ्या एका कंपनीत संगणकांची देखभाल करायची नोकरी मिळाली आहे.

मी म्हणालो, “जा की. कोणी धरलंय?”

माझी पत्नी भात वाढत होती, तिचा हात तसाच थांबला. तो मान खाली घालून जेवला आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने गेला. ते चार शब्द मी नंतर पुष्कळ वेळा मनात दुरुस्त करून पाहिले.

दोनच दिवसांत सकाळी पडद्यावर लाल चौकट आली. त्या दिवशी पढवणकडचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बाईंनी छापून दिलेला कागद त्यांनी डोळ्यांपासून लांब धरला.

“भाऊ, माज्या नावावरनं ह्ये आडवं काय लिवलंय?”

बाई म्हणाल्या, “नमुना प्रत.”

“मंजी मी खरा न्हाय?”

बाकड्यावरचे सगळे हसले. म्हातारेही हसले, पण त्यांची परतीची गाडी दुपारची एकच होती आणि ती चुकली. अर्ज शेवटी मी हाताने लिहून दिला. बऱ्याच वर्षांनी सलग तीन पाने लिहिली, अंगठा दुखला.

मी माझ्या पद्धतीने उपाय केला. सॉफ्टवेअरच्या कंपनीला रीतसर अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, विनंती, सोबत लाल चौकटीचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि रजिस्टर पोस्टाची पावती फाइलला लावली. तीन आठवड्यांनी तेथून एका मुलीचा फोन आला. अर्ज फार छान लिहिलाय म्हणाली. नंतर म्हणाली, “सर, तुम्ही सर्व्हरला पिंग करून बघितलं का?” मी सांगितले, पत्रोत्तर लेखी द्यावे. लेखी काही आले नाही. मग माणगावहून एक दुरुस्तीवाला आणला. त्याने वायर बदलली, खाऱ्या हवेने टोके खाल्ली आहेत असे निदान केले, आणि तो होता तोवर सर्व सुरळीत चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लाल.

विचित्र असे की, ते रोज होत नसे. काही दिवस निर्वेध जात. मी तारखांची नोंद ठेवू लागलो. वार, वेळ, हवामान, भरती-ओहोटी. काही मेळ लागेना.

बाई म्हणाल्या, “धाकट्या भाऊंना एक फोन करा ना.”

“करीन.”

“करीन म्हणून दहा दिवस झाले.”

शेवटी केला. तो गेल्यापासून दोन महिन्यांनी मी त्याचा आवाज ऐकत होतो. मागे कुठेतरी ट्रेलर मागे घेतानाची शिट्टी वाजत होती, टुंई टुंई, न थांबता.

“मी बोलतोय.”

“हां दादा. काय बंद पडलं?”

त्याने पहिला प्रश्न हा केला. मला तो लागला. पण त्यात त्याची चूक काढायला जागा नव्हती. मी चौकटीतला मजकूर वाचून दाखवला.

“चावीवरचा दिवा हिरवा हाय?”

“हाय.”

“मग चावी बरोबर हाय. तुझा कॉम्प्युटर तिच्यापर्यंत पोचत न्हाय. खालच्या कोपऱ्यातलं काळं चित्र दाब, काळी खिडकी उघडंल. आता मी सांगतो ते लिही.”

मग त्याने मला आकडे सांगितले. एकशे ब्याण्णव, ठिपका, एकशे अडुसष्ट, ठिपका, एक, ठिपका, दोन. हा तिसऱ्या टेबलाचा पत्ता, असे तो म्हणाला. घर नंबर असतो तसा. बाकीचे संगणक चावी मागायला याच पत्त्यावर जातात. मी एका बोटाने आकडे दाबले. उत्तर आले.

“येतंय की उत्तर.”

“उत्तर येतं आणि चावी मिळत न्हाय?” पलीकडे कळफलकाची टकटक झाली. “असं कर, सगळं बंद कर. आधी माझा लाव, मग बाकीचे.”

‘माझा’ म्हणाला. मी ते ऐकले. त्याने सांगितले तसे केले आणि चौकट गेली.

“लागला?”

“लागला.”

“वहिनी बरी हाय?”

“हाय. गुडघा दुखतो तिचा.”

“बरं. ठेवतो.”

एवढेच. परंतु त्यानंतर आठवड्यातून तीनदा, कधी चारदा, लाल चौकट येई आणि मी फोन करी. तो काहीबाही तपासायला लावी. संगणकाची घड्याळे जुळतात का. बाहेरचे काही आत येऊ न देणारी जी संगणकातली भिंत असते, तिने आमचाच रस्ता अडवला आहे का. मी न चुकता वहीत उतरून घेई. शेवटी नेहमी सर्व बंद करून, त्याचा आधी लावून, पुन्हा सुरू करण्यावर येई, आणि ते लागे. मग लागल्यानंतरचे एक मिनिट आमचे असे. त्या मिनिटात मला कळले की, तो दोघा सहकाऱ्यांबरोबर खोली घेऊन राहतो, आळीपाळीने स्वयंपाक करतात, त्याच्या हातची तांदळाची भाकरी तव्यावर फाटते. मी त्याला सांगितले की भाकरीसाठी पाणी उकळते पाहिजे. पुढच्या फोनला तो आपणहून म्हणाला, “आता फाटत न्हाय.”

येथे एक कबुली देणे योग्य होईल. ओळीने दोन-तीन दिवस निर्वेध गेले की मला बेचैन होऊ लागे. कार्यालयात येताच मी पडद्याकडे पाही, आणि चौकट आली नाही तर काहीतरी चुकल्यासारखे वाटे. पक्षकार दारात खोळंबले असताना मला चौकट हवी असे. हे बरोबर नव्हते.

घरी पत्नीने एकदा विचारले, “अहो, त्याला सरळ सांगा ना, ये म्हणून.”

“मी सांगायचं?”

“मग काय तहसीलदारसाहेबांनी सांगायचं?”

मी वर्तमानपत्र उघडले.

उलगडा झाला तो बाईंच्या एका टोमण्यामुळे. आठवड्यातून दोन-तीनदा मला कामानिमित्त सकाळीच माणगावला जावे लागते. अशाच एका दिवसाच्या दुसऱ्या सकाळी चौकट आली, तेव्हा बाई हसत म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही माणगावला गेलात की हे कसं गुणी बाळासारखं चालतं बघा. तुम्हालाच बिचकतं ते.”

मला राग आला. धाकट्याला फोन केला तेव्हा मी चौकटीआधी हीच तक्रार केली, की आजकाल बाईंची जीभ किती सुटली आहे. तो हसेल असे वाटले होते. तो म्हणाला, “थांब. तू माणगावला जातोस तेव्हा ऑफिस कोण उघडतं?”

“बाई.”

“त्या आधी कुठला कॉम्प्युटर लावतात?”

मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, बोर्डापाशी उभी असते ना मी, हाताशी तिसरा असतो, तोच आधी लावते.

“आणि तू?”

“माझा. आधी उदबत्ती, मग माझा, मग बाईंचा.”

“तुझा आधी कशाला?”

“आधी कोणाचा लावायचा मग? कार्यालय कोणाचं हाय?”

पलीकडे शिट्टी वाजत राहिली. मग तो म्हणाला, “रविवारी येतो.”

तो आला. थोडा बारीक झाला होता, आणि पायात जाड तळव्याचे बूट होते, तेथे बंदरात घालतात तसे. घरी न जाता तो थेट कार्यालयात आला. मला म्हणाला, “रोज सकाळी करतोस तसंच सगळं कर. मी बोलणार न्हाय.” तो तिसऱ्या टेबलाशी बसला नाही. दारात उभा राहिला.

मी मुख्य बटण चालू केले. रोज संध्याकाळी सर्वांची वीज मुख्य बटणावरूनच बंद करायची, असा माझा दंडक आहे. एकदा शेजारच्या दुकानात वायर जळाली होती, तेव्हापासून. उदबत्ती लावली. माझा संगणक लावला, खुर्चीत बसलो, रीतीप्रमाणे पहिल्या पानावर ‘श्री’ टाइप केले. मग उठून बाईंचा लावला. मग तिसरा. चौकट आली.

तो पुढे आला, माझ्या पडद्यावर काळी खिडकी उघडली आणि बोट ठेवले. “वाच. तुझा पत्ता काय आलाय?”

शेवटचा आकडा दोन होता.

“हा तर तुझा पत्ता.”

“हां. भिंतीवरचा तो वायरींचा डबा हाय ना, तो रात्रीत सगळं विसरतो. सकाळी जो पहिला उठेल त्याला दोन नंबर देतो, मग तीन, मग चार. कचेरीत टोकन देतात तसं. पण चावी मागायला सगळे जातात दोन नंबरच्या दारात. तू पहिला लावलास, दोन नंबर तुला मिळाला. तुझ्याकडं चावी कुठाय?”

म्हणजे माझा संगणक इतके महिने स्वतःच्याच दारात उभा राहून चावी मागत होता, आणि उत्तर येत होते तेही स्वतःचेच. हे मला समजले. मी विचारले, “मग इतकी वर्षं कसं चाललं?”

“इतकी वर्षं मी नऊला येत होतो दादा. तू दहाला.”

त्याने हे कोणत्याही सुरात म्हटले नाही; वहीतली नोंद वाचावी तसे म्हटले. मी मात्र खुर्चीत बसून राहिलो. तो असताना मी दहाला येऊन बसत असे, तेव्हा माझा पडदा आधीच उजळलेला असे. टेबल पुसलेले असे. माझा संगणक कोण सुरू करतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पंखा फिरतो तसा संगणक चालू असतो, अशी माझी समजूत होती. माझ्या येण्याने कार्यालय सुरू होते असे मी मानत आलो. माझ्याआधीचा तो एक तास, कुलूप उघडणारा, झाडणारा, आपला लावून मग माझा लावणारा, तो माझ्या हिशेबात कुठेच नव्हता.

त्याने अर्ध्या तासात काम केले. डब्याच्या आत जाऊन तिसऱ्या टेबलाला दोन हा आकडा कायमचा बांधून दिला. “आता कोणी कुठलाही आधी लावा, काही फरक पडणार न्हाय.” मग त्याने आणखी एक सोय केली. त्याला त्याच्या मोबाइलवरून किंवा तिकडच्या संगणकावरून आमचा पडदा दिसेल आणि हाताळता येईल अशी. “आता काही झालं तर मी तिथनंच बघीन. तुला ते आकडे वाचून दाखवायची दगदग नको.”

“बरं झालं,” मी म्हणालो.

जेवायला पत्नीने ओल्या बोंबलांचे कालवण केले होते. तो तीन भाकऱ्या खाऊन चौथी मागून घेईल असे तिला वाटले; त्याने दोन खाल्ल्या. दुपारी मी त्याला गाडीवर बसवायला स्टँडवर गेलो. त्याला न सांगता गेलो, मागून चालत. गाडी लागायची होती.

मी म्हणालो, “तिसरं टेबल मोकळंच हाय.”

“झेरॉक्स मशीन ठेव त्यावर. बाईंना समोर जायला लागतं सारखं.”

“मशीनसाठी न्हाय म्हणत मी.”

तो बुटाकडे पाहत होता. “दादा, तिकडं माझ्या टेबलावर माझ्या नावाची पट्टी हाय. एवढीशीच हाय, प्लॅस्टिकची. तुझ्या पाटीवर तुझं नाव हाय. ज्याचं त्याचं बरं चाललंय.”

येथे मला बोलायचे होते. लोकांच्या वतीने मी आजवर किती विनंत्या केल्या असतील याची मोजदाद नाही, आणि त्यांतील प्रत्येकीत नेमका शब्द नेमक्या जागी बसवला. त्या वेळी माझ्या तोंडून निघाले, “बघू.”

तो हसला. “कचेरीतल्यासारखं बोललास.” गाडी लागली. खिडकीतून त्याने हात केला नाही, पण गाडी वळेपर्यंत तो इकडे पाहत होता.

पुढच्या आठवड्यात मी पेंटरला बोलावून पाटी उतरवली. माझ्या नावाखाली त्याचे नाव घालायला सांगितले, अक्षर लहान नको, तेवढेच. पेंटरने विचारले, ते तर गेले ना न्हावा शेव्याला? मी म्हणालो, तुला रंगवायला सांगितलंय, पंचनामा करायला नाही. पाटी परत चढली. बाई बाहेर जाऊन पाहून आल्या आणि दिवसभर एकही टोमणा मारला नाही.

ही गोष्ट त्याला कळवायची होती. पण चौकट येईना. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मी आधी माझा लावला, आधी बाईंचा लावला. त्याने काम पक्के केले होते. दर सकाळी परवाना मिळत होता, कागद स्वच्छ निघत होते, पक्षकार वेळेत घरी जात होते, आणि मला त्याला फोन करण्यासारखे काही नव्हते. मुद्दाम फोन करून पाटीचे सांगावे, तर ते मागणी केल्यासारखे होईल. आपल्याच तोंडाने आपल्या उपकाराची जाहिरात. दोन महिने असे गेले.

मग एका गुरुवारी बाई रजेवर होत्या. सकाळी त्याचाच फोन आला होता. वहिनीच्या गुडघ्याला कोणते तेल चालते ते विचारायला. मी कार्यालय उघडत होतो, बाकड्यावर माणसे होती. बाई आज नाहीत, गर्दी आहे, नंतर बोलू, असे म्हणून मी ठेवला. ठेवल्यावर वाटले, हे काय केले. लगेच उलट लावावा, तर काय म्हणून लावायचा?

साडेदहाच्या सुमारास बाकडे रिकामे झाले. मी तिसऱ्या टेबलामागे गेलो, वाकलो, आणि ती निळी चावी ओढून काढली. हातात गरम लागली. माझ्या जागेवर येऊन पाहिले तर लाल चौकट आली होती. मी फोन लावला.

“काय बंद पडलं?”

“तेच. संपर्क होत न्हाय म्हणतं.”

“थांब, बघतो.”

तिसऱ्या टेबलावरच्या पडद्यावर बाण आपोआप हलला. मी तो प्रथमच पाहत होतो. समोर कोणी नाही, खुर्ची आत सरकवलेली, आणि बाण इकडून तिकडे सरकतो आहे, एक खिडकी उघडतो आहे, दुसरी उघडतो आहे. जराही न अडखळता, त्याची सवय होती तशी. एका लांबलचक यादीवर येऊन बाण थांबला.

“दादा, चावी कोणी काढली?”

“काढली?”

“नोंद हाय ना इथं. दहा बत्तीस, चावी काढली. आता दहा एक्केचाळीस.”

“बाईंचा झाडताना धक्का लागला असंल.”

“बाई आज रजेवर हायत. तूच सकाळी सांगितलंस.”

आयुष्यभर मी लोकांना एकच सांगत आलो, की खोटे लेखी देऊ नका, नोंद कुठेतरी असतेच. माझ्या मुठीत चावी होती. त्याच्याकडे शिट्टी वाजत होती, मग तीही थांबली. तो उठून कुठेतरी आडोशाला गेला असावा.

“काय झालंय दादा?” त्याने हळू विचारले.

“पाटीवर तुझं नाव घातलंय.”

“कधी?”

“दोन महिने झाले.”

“मग सांगितलं न्हाईस ते?”

“फोन करायला काही बंद पडलं नव्हतं.”

मग तो म्हणाला, “मी परत यायचो न्हाय दादा. हे तुला सांगून ठेवतो. इथं मला बरं वाटतं.”

“माहीत हाय.”

“मग नाव कशाला घातलंस?”

याचे उत्तर मला देता आले असते. वर्षभर मनात तयार होते, सविस्तर, मुद्देसूद. त्यातले एक वाक्यही तेव्हा आठवले नाही. मी म्हणालो, “तू नऊला येत होतास म्हणून.”

तो म्हणाला, “चावी लाव. सरळ लाव, तिरकी खोचू नको, आतली पिन वाकते.”

मी वाकून ती लावली. दिवा हिरवा झाला.

“लागला?”

“लागला.”

“पुन्हा काढू नको. नुसता फोन कर.”

“काय सांगून करू?”

“काही सांगू नको. कर.”

मी होय म्हणालो. फोन मात्र त्याने ठेवला नाही, मीही ठेवला नाही. तिसऱ्या टेबलावर बाण पुन्हा हलू लागला होता. त्याने उघडलेल्या खिडक्या तो तिकडून एकेक करून बंद करत होता, सावकाश, आणि मी फोन कानाला लावून ते उभ्याने पाहत होतो.